उरलेला एक शब्द

विश्वनाथ वाचले याचंच घरात सगळ्यांना इतकं हायसं वाटलं होतं, की त्यांची वाचा गेली आहे हे नीट लक्षात यायला दोन दिवस लागले.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नोएडात धुरकं असं साचलेलं, की बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नव्हता. सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला रेझर बेसिनमध्ये पडला आणि उजवा पाय दुमडला. सून संपदा ऑफिसला निघायच्या बेतात होती. तिने लिफ्टमधून खुर्चीवर बसवून त्यांना खाली आणलं आणि गाडीत घालून अर्ध्या तासात हॉस्पिटल गाठलं. मुलगा मानस केंद्र सरकारच्या नोकरीत, त्या वर्षी पोस्टिंगवर शिलाँगला. तो दुसऱ्या दिवशी पोचला. मेंदूतली गुठळी वेळेत विरघळली, जिवावरचं टळलं. नवव्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडलं. उजवा हात अजून लोळागोळा होता, पण काठी आणि एका माणसाचा आधार मिळाला की ते दहाबारा पावलं टाकत होते. पत्नी लताबाईंनी दारातच त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, देवापुढे साखर ठेवली आणि मगच पदर डोळ्यांना लावला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथांनी ओठ हलवले, घसा साफ केला आणि स्पष्ट म्हणाले, "चेक."

"मानस! अरे, बाबा बोलले!" लताबाई स्वयंपाकघरातून धावतच आल्या.

"काय चेक करू, बाबा?" मानसने विचारलं.

"चेक," विश्वनाथ म्हणाले, आणि बोट चहाच्या कपाकडे दाखवलं.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं. चहा म्हणजे चेक, पाणी म्हणजे चेक. पाठीला उशी हवी तरी चेक आणि नको तरी चेकच. त्यांना समोरच्याचं सगळं समजत होतं. नात क्षिप्राचं नाव काय, असं विचारलं की ते तिच्याकडे बघून हसत. मग नाव सांगायला तोंड उघडत, त्यातून "चेक" बाहेर पडे, आणि तो शब्द ऐकून त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरे.

स्पीच थेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. त्यांनी समजावून सांगितलं, "शब्द सगळे आत आहेत. पण दाराशी हा एकटाच उभा आहे. कुठलाही बोलवायला गेलं की हाच पुढे येतो. असे पेशंट मी बघितलेत. कुणाचं नुसतं 'हो हो' राहतं, कुणाची एखादी शिवी राहते."

"पण हाच का?" संपदाने विचारलं.

"ते कुणालाच सांगता येत नाही."

लताबाईंना मात्र वाटायचं, आपल्याला सांगता येईल. विश्वनाथ वाईचे. अठ्ठ्याहत्तर साली दिल्लीत सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले, आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून निवृत्त झाले. घरीही तेच. गॅस चेक केला का, कडी चेक केली का, तिकिटावरची तारीख चेक केली का? लग्नाच्या आमंत्रणपत्रिका आल्या की आधी लाल पेनाने त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघायचं. असल्या माणसाकडे दुसरा कुठला शब्द राहणार?

मानसची रजा संपली, तो परत गेला. मग घरात राहिल्या तिघी आणि तो एक शब्द.

नववीतल्या क्षिप्राने त्याचा छडा लावायचं मनावर घेतलं. "आजी, यार, आपण सगळे मीनिंग्ज लिहून ठेवू ना. इंग्लिशमध्ये चेकचे बहुत सारे मीनिंग्ज आहेत," असं म्हणून तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. पहिला अर्थ तिलाच सापडला. एका सकाळी आजोबा कपाटाकडे हात करून थांबतच नव्हते. तिने एकेक शर्ट काढून दाखवला, आणि निळ्या चौकटींचा फ्लॅनेलचा शर्ट बाहेर येताच ते थांबले. "चेक्सचा शर्ट! आजोबा, तुम्ही तर बिल्कुल करेक्ट बोललात!" ती ओरडली. विश्वनाथांनी दिवसभर तो शर्ट अंगावरून काढला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी ते पासबुकाचा खण ओढून ओढून "चेक, चेक" म्हणू लागले. लताबाईंनी चेकबुक पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं. संध्याकाळी संपदा ऑफिसातून आली आणि कॅलेंडर बघून तिने कपाळावर हात मारला. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचे शेवटचे तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी बँकेतून एक मुलगी मशीन घेऊन घरी आली, तिने त्यांच्या चेहऱ्याचा फोटो घेतला आणि ते जिवंत असल्याची नोंद झाली. ती गेल्यावर विश्वनाथांनी मान मागे टाकून जो सुस्कारा सोडला, तो ऐकून लताबाईंना हसू आलं. एवढं सगळं झालं, तरी या माणसाला काळजी कागदाची!

पण असे दिवस थोडे. जानेवारीत थंडी वाढली. दोन दोन रजया, हीटर, त्यांचं अंग पुसणं, औषधांच्या वेळा. लताबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. एका दुपारी त्या कणीक मळत असताना हॉलमधून सुरू झालं, "चेक. चेक. चेक." त्यांनी हात धुऊन पाणी दिलं. नको. उशी सरकवली. नको. बाथरूमला जायचंय का? नाही. टीव्ही? नाही. "चेक, चेक."

"बास करा आता तुमचं चेक चेक! डोकं उठलंय माझं!"

विश्वनाथांनी तोंड मिटलं, आणि त्यानंतर दिवसभर ते उघडलंच नाही. संध्याकाळी संपदा घरी आली, क्षणभर त्यांच्या खुर्चीजवळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, दुपारी या खिडकीतून ऊन येतं ना? थेट त्यांच्या डोळ्यांवर येत असेल."  लताबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. पडदा ओढायला सांगत होता बिचारा माणूस. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं, आता काही झालं तरी आवाज चढवायचा नाही.

त्यानंतरच्या रविवारी रिझवीसाहेब आले.

रिझवीसाहेब शेजारच्या टॉवरमध्ये राहायचे. मूळचे अमरोह्याचे, दिल्लीतल्या एका शाळेत आयुष्यभर फारसी आणि उर्दू शिकवून निवृत्त झालेले. अकरा वर्षं दर रविवारी सोसायटीच्या पार्कमध्ये त्यांचा आणि विश्वनाथांचा बुद्धिबळाचा डाव रंगायचा. मधल्या काळात रिझवीसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून इतके दिवस येता आलं नव्हतं. काळा चष्मा लावून, पट काखेत मारूनच ते दारात उभे राहिले.

लताबाई अवघडल्या. दाराशीच हळू आवाजात म्हणाल्या, "रिझवीसाहब, अब ये बोल नहीं पाते. बस, एक ही शब्द रह गया है।"

"कौन सा?"

"चेक."

रिझवीसाहेबांनी चष्मा काढला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते लताबाईंना कळलं नाही, आणि मग ते एकदम मोठ्याने हसले. "भाभीजी, शतरंज में इससे ज्यादा चाहिए भी क्या?"

त्यांनी टीपॉयवर पट मांडला. विश्वनाथांनी डाव्या हाताने प्यादं उचललं. ते पडलं, पुन्हा उचललं. पहिला अर्धा तास रिझवीसाहेब एकटेच बोलत होते, सोसायटीतल्या पाण्याच्या प्रेशरबद्दल, त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकाबद्दल. विश्वनाथ एकेका चालीला पाच पाच मिनिटं घेत होते. मग त्यांनी उंट तिरका सरकवला, पटाच्या पार टोकापर्यंत, हात मागे घेतला आणि म्हणाले, "चेक."

रिझवीसाहेबांनी पटाकडे पाहिलं. खरोखरच चेक होता.

दोन महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द जिथे पडायला हवा तिथे पडला होता. विश्वनाथांना ते कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली, खांदे हलू लागले, आणि मग आवाज न करता ते इतके हसले की क्षिप्राला त्यांचं तोंड रुमालाने पुसावं लागलं.

चहा घेताना क्षिप्राने रिझवीसाहेबांना फ्रिजवरचा कागद दाखवला. त्यांनी तो कौतुकाने वाचला आणि म्हणाले, "बेटा, तुम इसे अंग्रेजी लफ्ज समझ रही हो? ये तो हमारा शाह है।"

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. इराणात राजाला शाह म्हणतात. बुद्धिबळात राजावर हल्ला केला की खेळणारा म्हणायचा, "शाह!" हा खेळ इराणातून अरबांनी नेला, अरबांकडून युरोपात गेला, आणि फ्रान्समार्गे इंग्लंडला पोचेपर्यंत शाह घासून घासून चेक झाला. राजावर हल्ला झाला की त्याला थांबावं लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवून बघायचं, म्हणून तपासणं. बुद्धिबळाच्या पटावर चौकटी असतात, म्हणून चौकटीचं कापडही चेक्स. बँकेचा चेकसुद्धा त्याच घरातला, खोट्या सह्या अडवायला काढलेला कागद.

"म्हणजे आजोबांचा शर्ट आणि बँकेचा चेक कझिन्स आहेत?" क्षिप्राने विचारलं.

"आमच्यात शह म्हणतात," लताबाई म्हणाल्या. "शह दिला. शह आणि मात."

"शह? हा मराठी वर्ड आहे? मला माहीतच नव्हता."

"मात भी वहीं की है," रिझवीसाहेब म्हणाले. "शाह मात. बादशाह लाचार हो गया।" मग त्यांनी कप खाली ठेवला. "और एक बात, बेटा. पुराने लोग इसे बोलना जरूरी समझते थे. चुपचाप बादशाह पर वार करना बेअदबी थी. शाह कहने का मतलब ये नहीं कि मैं जीत रहा हूँ. मतलब ये कि हुजूर, खतरा है, सँभलिए।"

त्यानंतर रिझवीसाहेब दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागले. फेब्रुवारीत ऊन कोवळं झालं, तेव्हा डाव बाल्कनीत हलला. विश्वनाथांचा डावा हात तरबेज झाला. शब्द मात्र तोच होता. तरी घर थोडं सैल झालं होतं.

लताबाईंना बारा वर्षांपासून बीपी होतं. रोज सकाळी नाश्त्याआधी एक छोटी पांढरी गोळी घ्यायची, बस्स. गुरुवारी जुनी स्ट्रिप संपली. त्यांनी सेक्टर मार्केटमधल्या औषधवाल्याला फोन करून नाव सांगितलं आणि त्याने संध्याकाळी घरपोच पाठवून दिली. शुक्रवारी सकाळी त्यातली पहिली गोळी घेतली. अकराच्या सुमाराला भाजी चिरताना त्यांचे हात कापू लागले. स्वेटर घालायची थंडी असूनही पाठीला घाम फुटला. गुळाचा खडा तोंडात टाकला तेव्हा बरं वाटलं. शनिवारी तसंच झालं, जरा जास्तच. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून त्या ओट्याला धरून खाली फरशीवरच बसल्या आणि पाच मिनिटांनी उठून पोळ्या लाटू लागल्या. तीन महिन्यांची दमणूक, दुसरं काय? संपदाला सांगितलं असतं तर तिने रजा काढली असती. म्हणून त्या बोलल्या नाहीत.

हॉलमधल्या खुर्चीवरून स्वयंपाकघराचं दार समोर दिसतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी महाशिवरात्र होती. लताबाई हा उपास लग्नाआधीपासून कडक करायच्या. साबुदाणासुद्धा नाही, दिवसातून एकदा कपभर दूध. सकाळी लवकर अंघोळ करून त्यांनी पूजा केली, विश्वनाथांना चहा आणि उपमा भरवला, आणि औषधांचा स्टीलचा डबा घेऊन त्यांच्या शेजारीच बसल्या. नव्या स्ट्रिपमधून गोळी तळहातावर काढली, पाण्याचा ग्लास उचलला.

"चेक!"

विश्वनाथांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट असं घट्ट पकडलं, की गोळी उडून सोफ्याखाली गेली आणि पाणी मांडीवर सांडलं.

"अहो, काय हे!" लताबाईंचा आवाज चढणारच होता. त्यांनी दात आवळले. "काय हवंय? सांगा बरं सावकाश."

"चेक. चेक. चेक."

संपदा आतून आली. क्षिप्रा फ्रिजवरचा कागदच उपटून घेऊन आली. निळा शर्ट दाखवला. नाही. बीपीचं मशीन लावलं. एकशेतीस-ऐंशी, ठीक होतं. मशीनचा पट्टा त्यांनी दंडावरून ओरबाडून काढला. बँकेची कागदपत्रं? नाही. पडदा? नाही. "बाथरूमला जायचं असेल," संपदा म्हणाली, तर त्यांनी जमिनीवर पाय रोवून धरले. शेवटी क्षिप्राने पट आणला, "रिझवी अंकलना बोलवू का, आजोबा?" असं म्हणत सोंगट्या मांडू लागली. विश्वनाथांनी डाव्या हाताचा फटका मारला. हत्ती, घोडे, प्यादी सगळं हॉलभर पसरलं. क्षिप्रा घाबरून मागे सरली. आजोबांना असं चिडलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चेक," ते म्हणाले, आता अगदी हळू. आणि बोट लताबाईंकडे केलं.

लताबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. ते सकाळपासून तिथेच वळत होतं. सगळ्या जणी शोधत होत्या, त्यांना काय हवंय, त्यांचं काय दुखतंय. त्यांनी मात्र एकदाही स्वतःकडे बोट केलं नव्हतं. लताबाईंना रिझवीसाहेबांचे शब्द आठवले. ज्याच्यावर संकट आलंय त्याला सांगायचं, सांभाळा.

"मला सांगताय?" त्यांनी विचारलं. "मला शह आहे?"

 विश्वनाथांनी डोळे मिटून मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"संपदा, ते काही मागत नाहीयेत गं," लताबाई म्हणाल्या. "मला सावध करतायत."

विश्वनाथांनी डबा पुढे ओढला. त्यातून त्यांनी लताबाईंची नवी स्ट्रिप काढली. मग खालून जुनी काढली, रिकामी. औषधवाल्याला नाव वाचून सांगता यावं म्हणून लताबाई जुनी स्ट्रिप फेकत नसत. दोन्ही त्यांनी मांडीवर एकाखाली एक ठेवल्या, कडा नीट जुळवल्या, आणि डाव्या हाताची तर्जनी अक्षराअक्षरावरून सरकवू लागले. अशीच ती पस्तीस वर्षं ओल्या शाईच्या कागदांवरून सरकली होती. शेवटाकडे आल्यावर बोट थांबलं.

क्षिप्रा वाकली. "आई, इथे एन आहे. आणि खालच्यावर एम आहे... आणि पुढचं पण वेगळं आहे. बाकी सेम."

स्ट्रिपचा रंग तोच होता, मिलिग्रॅमचा आकडाही तोच. संपदाने नवं नाव फोनवर टाकलं, आणि वाचता वाचता तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, ही डायबिटीसची गोळी आहे. साखर खाली आणणारी. तुम्हाला डायबिटीस नाहीये! किती घेतल्यात?"

"दोन. शुक्रवारी आणि काल." मग लताबाईंनी घाम आल्याचं सांगितलं, अंधारी आल्याचं, फरशीवर बसल्याचं. सांगताना त्या विश्वनाथांकडे बघत होत्या. त्यांनी मान खाली घातली होती.

सेक्टरमधला डॉक्टर रविवारी बारापर्यंत बसायचा. संपदाने लताबाईंना गाडीत घातलं. डॉक्टर तरुण होता. त्याने बोटातून रक्त काढून साखर बघितली, बीपी बघितलं, दोन्ही स्ट्रिप्स उजेडाकडे धरल्या.

"आज ली है?"

"नहीं. हाथ से गिर गई।"

"नाश्ता किया?"

"आज शिवरात्रि का व्रत है।"

डॉक्टरने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "माताजी, आपकी शुगर इस वक्त नॉर्मल है, घबराने की कोई बात नहीं. लेकिन ये गोली लेकर आप दिन भर भूखी रहतीं, तो शाम तक बेहोश मिलतीं. अब व्रत छोड़िए, घर जाकर ठीक से खाना खाइए. दो दिन मीठा पास रखिए. बस।"

"बस?" संपदाने विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता.

"बस. ये पकड़ा किसने?"

"माझ्या... मेरे ससुरजी ने।"

बाहेर पडल्यावर संपदा औषधाच्या दुकानात गेली. तावातावाने गेली होती, पण दुकानदार स्ट्रिप बघूनच मटकन स्टुलावर बसला. दोन्ही खोकी एकाच कप्प्यात शेजारी शेजारी होती. तिच्यादेखत त्याने त्यातलं एक उचलून दुसऱ्या भिंतीच्या कपाटात नेलं, माफी मागितली आणि बरोबर गोळ्या दोनदा वाचून दिल्या. गाडीत येऊन बसल्यावर संपदाने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती रडू लागली. लताबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं गं, टळलं. चल, भूक लागलीय मला. शंकराला चालेल आज."

घरी क्षिप्राने सगळ्या सोंगट्या गोळा करून ठेवल्या होत्या आणि आजोबांच्या शेजारी त्यांचा हात धरून बसली होती. दार उघडल्याचा आवाज येताच विश्वनाथ काठीशिवाय उठायला बघत होते.

"ठीक आहे मी," लताबाई दारातूनच म्हणाल्या. "काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाला, घरी जाऊन जेवा."

विश्वनाथ परत खुर्चीत टेकले. छातीवर हात ठेवून त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की क्षिप्राने घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. पण ते हसत होते, त्या अर्ध्या हसण्याने.

संपदाने पिठलं-भात टाकला. लताबाईंनी शेजारी खुर्ची ओढून घेतली.

"मला वाटत होतं, तीन महिने मीच तुमच्यावर लक्ष ठेवतेय," त्या म्हणाल्या.

 विश्वनाथांनी लताबाईंचा हात घेतला आणि मनगटावर सकाळी पकडल्याचे वळ उठले होते तिथे अंगठ्याने चोळत बसले.

संध्याकाळी रिझवीसाहेबांना हा प्रकार कळला तेव्हा ते लगेच आले. मग विश्वनाथांना एवढंच म्हणाले, "वल्लाह, क्या शाह दी है आपने!" आणि त्या दिवशी ते मुद्दाम हरले, असा क्षिप्राचा संशय आहे. रात्री मानसशी व्हिडिओ कॉल झाला. त्याला संपदाने सगळं तीनदा सांगितलं आणि त्याने तीनदा ऐकलं.

त्यानंतर घरात येणारं प्रत्येक औषध आधी विश्वनाथांच्या मांडीवर जाऊ लागलं. थेरपीच्या बाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. चित्रं दाखवणं बंद केलं. त्या छापील शब्द आणू लागल्या, मुद्दाम एखादी चूक केलेले. विश्वनाथ चूक शोधत, बाई तो शब्द मोठ्याने म्हणत, आणि विश्वनाथ त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत. असे तीन आठवडे गेले. बाहेर पडत होता तो चेकच, पण कधी कधी त्याआधी ओठ दुसऱ्याच कशासाठी तरी जुळत आणि सुटत.

होळी झाली. पंखे सुरू झाले. मार्चमधल्या एका मंगळवारी क्षिप्राची परीक्षा संपली होती, म्हणून लताबाईंनी तिच्या आवडीची आमटी केली. स्ट्रोक आल्यापासून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. लताबाई ते पाळत, सगळ्यांच्याच ताटात. विश्वनाथ आता डाव्या हाताने चमच्याने जेवत होते. त्यांनी आमटीचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाले,

"मीठ."

लताबाईंचा भात वाढणारा हात तिथेच थांबला. क्षिप्राने घास गिळला नाही.

"काय म्हणालात?"

विश्वनाथांनाही काय झालं ते कळायला क्षण गेला. त्यांनी पुन्हा ओठ मिटले, जोर लावला, कपाळावर आठ्या आल्या.

"मीठ," ते म्हणाले. आणि मग, लोक ऐकत नाहीत म्हणून वैतागल्यासारखं पुन्हा एकदा, "मीठ!"

क्षिप्रा ताटावरून उठून, ऑफिसातल्या आईला सांगायला फोनकडे धावली. लताबाई मात्र हलल्या नाहीत. भाताचा चमचा हातात तसाच धरून त्या त्यांच्याकडे बघून हसत राहिल्या, आणि गालांवरून काय ओघळतंय ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरातून बरणी घेऊन आल्या, आणि डॉक्टरांना काय वाटेल याचा जराही विचार न करता त्यांच्या आमटीत चांगलं चिमूटभर मीठ घातलं.